खोली आहे

उरेकीला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते,
तेवढ्यात मला तुमच्या बॅगा वाचाव्या लागतात.
चाकांच्या, चकचकीत, आवाज न करणाऱ्या :
हे पुढं बातुमीला जाणार, काचेच्या मनोऱ्यांत.
दोरीनं आवळलेली, वर फुगवलेली रबरी मगर :
ही माझी माणसं.
मी पुठ्ठा उंच धरते. ‘खोली आहे.’
अक्षरं झ्विआदनं काढलेली, शाळेत होता तेव्हा.
उन्हानं ‘खोली’ खाऊन टाकलीय,
‘आहे’ तेवढं शाबूत.

मी चाळीस लारी म्हणते. तुम्ही पंचवीस म्हणा.
लाजू नका; घासाघीस न करणाऱ्या पाहुण्याची
मला रात्रभर काळजी लागते.
तिसाला तुटेल.
त्यात शेगडी आली, पंखा आला,
अंजिराच्या झाडाच्या खालच्या फांद्या आल्या
(वरच्या शेजारच्या लामझिराच्या, ती मोजून ठेवते)
आणि मागच्या दलदलीतले बेडूक,
त्यांचे मी पैसे लावत नाही.

समुद्र सात मिनिटांवर.
मुलं असतील तर वीस,
वाटेत उकडलेल्या कणसांचं पातेलं घेऊन एक जण बसतो.
वाळू काळी आहे. दचकू नका, मळ नव्हे, लोखंड आहे ते.
तिच्यात गुडघे पुरून बसा, दुखणं ओढून घेते म्हणतात.
घेत असेल. माझे गुडघे सव्वीस वर्षं इथंच आहेत
आणि अजून पायऱ्या मोजतात.

बातुमी बघायचंच असेल तर संध्याकाळी जा,
दिवे फुकट असतात.
कारंज्याशेजारी बसा, खायला घरूनच न्या,
शेवटच्या मार्शुत्कानं परत या.
ग्युम्रीच्या अर्पेनिकबाई असंच करायच्या.
पातेलं त्यांचं, बटाटे त्यांचे, मीठसुद्धा घरचं.
मी म्हटलं, अहो, समुद्राला आलात ना?
नऊ दिवस राहिल्या, नऊ दिवस हसल्या,
आणि जाताना माझ्या फ्रीजवर एक चुंबक चिकटवून गेल्या.

सगळेच चिकटवतात.
मिन्स्कचं चौकोनी, कारागंडाचं खाणकामगाराचं,
खारकिव्हची एक ट्राम, तिचं चाक तुटलंय.
पाहुण्यांची पोरं ती हळूच काढून किनाऱ्यावर नेतात
आणि परत आणतात तेव्हा
प्रत्येक शहराला काळी दाढी फुटलेली.
ती झटकून जात नाही, धुऊन जात नाही,
चिमटीनं उपटावी लागते.
पाहुणे गेल्यावरची माझी संध्याकाळ अशी जाते :
मी बसून शहरांची दाढी करते.

झ्विआद आता पोलंडात ट्रक चालवतो.
व्रोत्सवाफहून त्यानं एक पितळी बुटका पाठवलाय.
फोनवर म्हणतो, आई, ये आठ दिवस.
कुताइसीहून विमान आहे,
बातुमीतल्या एका जेवणापेक्षा स्वस्त.
मी विचारते, आणि खोलीचे किती?
आई, खोली माझीच आहे.
असू दे. किती?
तो जरा थांबतो. चाळीस, म्हणतो.
मी पंचवीस म्हणते.
पुढं बराच वेळ फोनमध्ये नुसता त्याचा रस्ता वाजत राहतो.

तर जुलैत येऊ नका, जुलैत मीसुद्धा महाग असते.
सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात या :
पाणी कोमट, अंजिरं फुटलेली,
वाळूवर शाळेला न जाणारी तान्ही पोरं
आणि निवृत्त माणसं, दोघंही टोप्या घातलेली.
नोव्हेंबरात पुठ्ठा कपाटामागं जातो.
यंदा तिकिटाचं बघेन म्हणते.
बॅग दोरीची न्यावी की चाकांची घ्यावी,
एवढंच अजून ठरत नाही.

काय म्हणालात, अठ्ठावीस?
बरं, चला.
ती मगर इकडे द्या, मी धरते.